फॉर्मवरचा ईमेल पत्ता: तपासायचा किती, सोडायचा किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका मराठी मंडळासाठी सभासद नोंदणीचं वेब-ॲप केलंय, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये. ईमेलच्या रकान्याला नेटवरून उचललेला एक लांबलचक रेजेक्स (मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते बघणारं सूत्र) लावलाय. तरी काही खऱ्या सभासदांचे पत्ते 'अवैध ईमेल' म्हणून परत जातात, भलतेसलते पत्ते मात्र बिनदिक्कत आत येतात आणि गणेशोत्सवाच्या प्रवेशिका पाठवल्या की बरेच मेल बाउन्स होतात, म्हणजे न पोचता परत येतात. सगळे पत्ते अचूक ओळखणारा रेजेक्स कोणता?

असा रेजेक्स नाही, आणि असता तरी तुमचं काम झालं नसतं. रेजेक्स फक्त पत्त्याची ठेवण बघतो. ती ठेवण बरोबर असूनही मेलबॉक्स अस्तित्वात नसेल, किंवा असेल पण दुसऱ्याच कुणाचा असेल, तर रेजेक्सला ते कळायचा काही मार्ग नाही. पत्ता त्याच माणसाचा आहे याचा पुरावा एकच: त्या पत्त्यावर मेल गेला आणि त्यातला कोड किंवा लिंक घेऊन माणूस परत आला. त्याआधीच्या सगळ्या तपासण्या टायपिंगमधल्या चुका पकडण्यापुरत्या. हे एकदा मान्य केलं की फॉर्मवरची तपासणी बरीच सैल करता येते आणि तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या जागी सोडवता येतात. (पुढचे नमुना पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. कोडमध्ये ते रोमनच समजा, जिथे मुद्दाम देवनागरी म्हटलंय तिथे सोडून.)

आधी खरे पत्ते का नाकारले जातात ते. नेटवर फिरणारे बहुतेक रेजेक्स कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेले असतात आणि त्यांत ठरावीक चुका सापडतात. शेवटच्या डॉटनंतर दोन ते चार अक्षरंच चालतील ही अट सगळ्यात जुनी. तिच्यात 'डॉट म्युझियम' बसत नाही, 'डॉट फोटोग्राफी' बसत नाही. दुसरी चूक म्हणजे @च्या नंतर एकच डॉट धरलेला असतो, त्यामुळे कॉलेजातल्या प्राध्यापकांचे 'विभाग.कॉलेज.एसी.इन' असे पत्ते अडकतात. तिसरी, @च्या आधी फक्त अक्षरं, आकडे, डॉट आणि अंडरस्कोर. 'जोशी+मंडळ@जीमेल.कॉम' हा बिनचूक पत्ता आहे. प्लसच्या पुढचा भाग जीमेल सोडून देतं आणि मेल जोशींच्या पेटीतच पडतो. संगणकातलं थोडंफार कळणारी माणसं कोणी आपला पत्ता पुढे विकला ते ओळखण्यासाठी मुद्दाम असे पत्ते देतात. नेमकी हीच माणसं तुमच्या फॉर्मवर वैतागतात. डिसूझासारख्या आडनावात रोमन लिपीत अपॉस्ट्रॉफी येते, तीही @च्या आधी नियमाप्रमाणे चालते. एसक्यूएल इंजेक्शनच्या (रकान्यातून डेटाबेसला आज्ञा घुसवण्याच्या हल्ल्याच्या) भीतीने ती बंद करू नका. त्यावरचा इलाज प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा आणि माहिती डेटाबेसला वेगवेगळी देणं) आहे आणि तो इथे तसाही लागतोच.

प्लसचा आणखी एक छुपा घोळ आहे. पत्ता डेटाबेसात नीट साठवला, पण 'सदस्यत्व रद्द करा' किंवा 'पुष्टी करा' या लिंकमध्ये तो तसाच चिकटवला, तर यूआरएलच्या क्वेरी भागातला प्लस सर्व्हरवर पोचेपर्यंत स्पेस झालेला असतो. मग 'जोशी मंडळ@जीमेल.कॉम' शोधलं जातं आणि 'सभासद सापडला नाही' असं उत्तर येतं. लिंक बनवताना पत्ता यूआरएल-एन्कोड करा, म्हणजे प्लसच्या जागी टक्के-दोन-बी जाईल. त्याहून बरं म्हणजे लिंकमध्ये पत्ता घालूच नका, टोकन (ओळखीसाठी बनवलेली लांब रँडम अक्षरमाळ) घाला. पत्ता यूआरएलमध्ये गेला की तो सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि ब्राउझरच्या हिस्ट्रीतही राहतो.

आता नियम खरोखर काय सांगतात. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज. मेलची वाहतूक आरएफसी ५३२१ मध्ये आहे, मेलची रचना आरएफसी ५३२२ मध्ये. दोन्ही २००८ सालच्या. ५३२२ प्रमाणे पत्त्यात कंसातली टिप्पणी चालते, अवतरणचिन्हांत स्पेससकट नाव चालतं, काय वाट्टेल ते चालतं. ते सगळं ओळखणारे पान-पानभर लांब रेजेक्स आहेत. कुतूहल म्हणून बघा आणि सोडून द्या. असा पत्ता नोंदणीच्या फॉर्मवर कोणी देत नाही. एचटीएमएलच्या प्रमाणकानेही हेच केलंय. 'इनपुट टाइप ईमेल'साठी त्यात एक आटोपशीर रेजेक्स दिलाय आणि तो ५३२२ च्या नियमाचा जाणूनबुजून केलेला भंग आहे असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्या रेजेक्समध्ये एक गंमत आहे: डोमेनमध्ये डॉट असणं सक्तीचं नाही. 'जोशी@जीमेल' एवढंच लिहिलं तरी ब्राउझर मुकाट पुढे जाऊ देतो. भलतेसलते पत्ते आत येण्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं म्हणजे तपासणी फक्त ब्राउझरमध्ये असणं. ती कोणीही बंद करू शकतो, थेट पोस्ट रिक्वेस्ट पाठवू शकतो. सर्व्हरवरची तपासणी हीच खरी. ब्राउझरमधली माणसाच्या सोयीसाठी.

लांबीच्या मर्यादा मात्र पक्क्या आहेत. @च्या आधीचा भाग जास्तीत जास्त ६४ बाइट, डोमेनचा प्रत्येक तुकडा ६३, आणि पूर्ण पत्ता २५४. जुन्या लेखांत ३२० हा आकडा दिसतो, तो ६४ अधिक १ अधिक २५५ अशा बेरजेतून आलाय. पण एसएमटीपीमध्ये (मेल पोचवायच्या नियमसंचात) कोनी कंसांसकट पूर्ण पाथ २५६ चा, म्हणून कंस वजा जाता २५४. कॉलम तेवढा ठेवा; ५० किंवा १०० नको. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीत यूटीएफ८एमबी४ (अक्षरामागे चार बाइटपर्यंत घेणाऱ्या) कॉलमवर युनिक इंडेक्स (एक पत्ता एकदाच येऊ देणारी सूची) करताना 'की फार लांब आहे' अशी एरर येते, कारण तिथे इंडेक्सची हद्द ७६७ बाइट आणि २५४ गुणिले ४ होतात १०१६. मग लोक कॉलम १९१ चा करतात आणि मोकळे होतात. त्यापेक्षा टेबलचं रो-फॉरमॅट डायनॅमिक करा (जुन्या आवृत्तीत 'लार्ज प्रिफिक्स' आणि 'बाराकुडा' फाइल-फॉरमॅट ही सेटिंगही लागतात). तिथे हद्द ३०७२ बाइट आहे.

सर्व्हरवर करायचं काय, तर पुढचा क्रम पुरतो. आधी पत्त्याच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा काढा. फोनचा कीबोर्ड सुचवलेला शब्द घातला की मागे आपणहून एक स्पेस सोडतो, आणि नाकारल्या जाणाऱ्या पत्त्यांत ही तक्रार नेहमीची. पीएचपीचं साधं ट्रिम साध्या स्पेस, टॅब, नवी ओळ एवढंच काढतं. व्हॉट्सॲप, वर्ड किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या पत्त्यात न-तुटणारी स्पेस आणि शून्य रुंदीची स्पेस असू शकते, ती वेगळी काढावी लागते. शून्य रुंदीची स्पेस डोळ्यांना दिसतच नाही. सभासद शपथेवर सांगतो की पत्ता बरोबर आहे, स्क्रीनशॉट पाठवतो, आणि स्क्रीनशॉटमध्ये तो बरोबरच दिसतो. मग लांबी बघा, बाइटमध्ये, आणि ती रेजेक्सच्या आधी. मग शेवटच्या @वर दोन तुकडे करा. मग ओळबदल किंवा कुठलंही नियंत्रण-अक्षर असेल तर थेट नकार. मग पीएचपीच्या फिल्टर-व्हार या फंक्शनला ईमेलच्या फिल्टरसह विचारा. ते डॉट नसलेलं डोमेन नाकारतं, लागोपाठचे दोन डॉट नाकारतं, प्लस आणि अपॉस्ट्रॉफी चालवून घेतं. अवतरणातली नावं आणि चौकटी कंसातले आयपी पत्ते ते पास करतं, तेवढे दोन हाताने वगळा. झालं. स्वतःचा रेजेक्स लिहायची गरज उरत नाही.

ओळबदलावर एवढा भर का, ते नीट समजून घ्या, कारण इथे प्रश्न सुरक्षेचा आहे. रेजेक्सच्या शेवटी डॉलर टाकला म्हणजे 'इथेच संपलं पाहिजे' असं आपण धरून चालतो. जावास्क्रिप्टमध्ये ते खरं आहे. पीएचपी आणि पायथनमध्ये डॉलर शेवटच्या ओळबदलाच्या आधीही जुळतो, म्हणजे पत्त्यामागे एक ओळबदल चिकटलेला असला तरी तपासणी पास. रुबीत तर डॉलर प्रत्येक ओळीच्या शेवटी जुळतो, त्यामुळे पहिल्या ओळीवर सभ्य पत्ता आणि दुसऱ्या ओळीवर काहीही चालून जातं. तोच पत्ता तुम्ही मेलच्या हेडरमध्ये, समजा 'रिप्लाय-टू'मध्ये, जोडून टाकला, की दुसरी ओळ 'बीसीसी' आणि पुढे शेकडो पत्ते अशी असू शकते. मंडळाच्या संपर्क फॉर्मवरून जगभर स्पॅम जातो तो असा. पीएचपीत रेजेक्सला मोठा डी मॉडिफायर लावा, पायथनमध्ये फुलमॅच वापरा, रुबीत स्ट्रिंगची टोकं दाखवणारे वेगळे अँकर आहेत ते वापरा. आणि मेल पाठवायला हेडर हाताने जोडण्याऐवजी पीएचपीमेलर किंवा सिम्फनी मेलरसारखी लायब्ररी घ्या.

तुमच्या लांबलचक रेजेक्सचा आणखी एक धोका म्हणजे त्याचा वेळ. 'अक्षरांचा गट एकदा किंवा अनेकदा, आणि असे गट पुन्हा अनेकदा', अशी आतबाहेर पुनरावृत्ती असली आणि @ आलाच नाही, तर इंजिन तीच अक्षरं वेगवेगळ्या प्रकारे गटांत वाटून पाहत बसतं. प्रत्येक वाढीव अक्षराला शक्यता दुप्पट. तीस-चाळीस अक्षरांची एक साधी ओळ सर्व्हरचा एक प्रोसेसर अडकवून ठेवू शकते. पीएचपीत या मागे येऊन पुन्हा पाहण्याला, म्हणजे बॅकट्रॅकिंगला, मर्यादा आहे, मूळ सेटिंगमध्ये १० लाख, आणि ती ओलांडली की रेजेक्स चालवणारं प्रेग-मॅच फंक्शन शून्य परत देत नाही, फॉल्स देतं. म्हणजे 'जुळला नाही' आणि 'तपासता आलं नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. कोडमध्ये 'शून्य असेल तर नाकारा' असं काटेकोर लिहिलं असेल, तर फॉल्स आलेला पत्ता तपासणी न होताच पुढे सरकतो. हा प्रकार फक्त किचकट रेजेक्समध्ये घडतो असंही नाही. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली होती. कारण होतं ओळीच्या टोकांची मोकळी जागा काढणारा एक छोटा रेजेक्स आणि त्याच्यासमोर आलेली सलग सुमारे २० हजार मोकळी अक्षरं. लांबी आधी तपासा असं वर म्हटलं ते यासाठी.

आता तुमच्या सभासदांकडे बघू, कारण इंदुरात फॉर्म भरतो कोण हा प्रश्न रेजेक्सपेक्षा मोठा आहे. मंडळाचे निम्मेअधिक सभासद ज्येष्ठ असतील तर फॉर्म नातू भरतो, किंवा कोपऱ्यावरचा ऑनलाइन सेंटरवाला. सेंटरवाला आजोबांना ईमेल विचारत नाही, स्वतःचा ठोकून देतो, कारण ओटीपी त्यालाच हवा असतो. भंवरकुआँ भागात परीक्षांचे फॉर्म भरून देणाऱ्यांकडे हीच रीत चालते. परिणाम असा की एकाच पत्त्यावर वीस सभासद. ईमेलच्या कॉलमला तुम्ही युनिक लावला असेल तर दुसऱ्या माणसाची नोंदणीच अडेल, आणि मग सेंटरवाला 'एबीसी@जीमेल.कॉम' घालेल. तुमचे भलतेसलते पत्ते बहुधा इथूनच येतायत. सभासदाची ओळख सभासद क्रमांकाने ठेवा, ईमेलने नको. नवरा-बायकोचा पत्ता एक असणं चालू द्या. आणि ज्याला ईमेल नाही त्याला रकाना रिकामा सोडू द्या. सक्ती केली की माणूस खोटं लिहितो, आणि ते खोटं पुढे बाउन्स होऊन तुमच्याकडेच येतं. लॉगिन ईमेलनेच करायचं असेल तर मात्र युनिक हवाच. मग सभासद आणि लॉगिन ही दोन वेगळी टेबलं करा.

टायपिंगच्या चुका अडवण्यापेक्षा सुचवून सुधारून घ्या. डोमेनचा भाग नेहमीच्या आठ-दहा डोमेनशी ताडून बघा: जीमेल, याहू डॉट कॉम, याहू डॉट को डॉट इन, रेडिफमेल, हॉटमेल, आउटलुक, आयक्लाउड. एखाद-दोन अक्षरांचा फरक असेल तर 'जीमेल.कॉम म्हणायचंय का?' असं खाली दाखवा, एका टिचकीत बदलता येईल असं. आपणहून बदलू मात्र नका. वायमेल डॉट कॉम हे याहूचं खरं डोमेन आहे आणि रोमन लिपीत जीमेलपासून एकाच अक्षराच्या अंतरावर आहे. आपोआप सुधारणा केलीत तर त्या माणसाचे मेल जन्मात त्याला मिळणार नाहीत. तसंच याहू डॉट को डॉट इन आणि याहू डॉट इन दोन्ही खरी. म्हणून आधी 'माहितीतली खरी डोमेन' ही यादी बघायची. त्यात नसेल तरच जवळचं काय ते शोधायचं.

सरकारी कार्यालयातले सभासद असतील तर एक वेगळीच चूक दिसेल. सरकारी वेबसाइटवर स्पॅमपासून बचाव म्हणून पत्ते '@' न लिहिता चौकटी कंसात 'ॲट' आणि 'डॉट' असे शब्द घालून छापतात. माणूस आपलाच पत्ता तिथून उचलून तसाच चिकटवतो. हा नमुना ओळखून 'असं म्हणायचंय का?' एवढं विचारायला दहा ओळी कोड लागतो.

सूचना कशी लिहिता त्यावरही पुष्कळ अवलंबून. 'अवैध इनपुट' यातून कुणाला काही कळत नाही. 'पत्त्यात @ दिसत नाही', 'जीमेलच्या पुढे डॉट कॉम राहिलं का?', 'मधे मोकळी जागा आलीय' असं नेमकं लिहा आणि टाइप केलेलं पुसू नका. रकान्याला 'ऑटोकॅपिटलाइज नन' आणि 'ऑटोकम्प्लीट ईमेल' हे गुणधर्म द्या. 'ईमेल पुन्हा लिहा' असा दुसरा रकाना माझ्या मते निरुपयोगी आहे. लोक पहिला कॉपी करून दुसऱ्यात चिकटवतात, चुकीसकट. त्याऐवजी पुढच्या पानावर पत्ता ठळक दाखवा: 'कोड या पत्त्यावर पाठवलाय. चुकला असेल तर इथे बदला.' स्वतःचा पत्ता मोठ्या अक्षरात दिसला की चूक चटकन नजरेला येते.

यानंतर डीएनएस, म्हणजे कुठल्या डोमेनचा सर्व्हर कुठे आहे ते सांगणारी इंटरनेटची यादी. 'जीमेल डॉट कॉन' असं डोमेन अस्तित्वातच नाही, हे एका चौकशीत कळतं. डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड (त्याचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ती नोंद) विचारा. तो नसेल तर ए किंवा क्वाड-ए (होस्टच्या आयपी पत्त्याची नोंद) विचारा, कारण एमएक्स नसेल तर मेल थेट त्या होस्टकडे द्यायचा असा ५३२१ चा नियम आहे. नुसता एमएक्स नाही म्हणून नाकारणं चूक. एमएक्स आहे पण त्यात प्राधान्य शून्य आणि सर्व्हरच्या जागी फक्त एक टिंब, असं दिसलं तर ते डोमेन 'आम्ही मेल घेत नाही' असं जाहीर करतंय; २०१५ च्या आरएफसी ७५०५ मध्ये ही सोय आहे, तिथे नकार द्या. पीएचपीचं चेक-डीएनएस-आरआर इथे वापरू नका, ते 'रेकॉर्ड नाही' आणि 'डीएनएस सर्व्हरने उत्तरच दिलं नाही' या दोन्हीला फॉल्स म्हणतं. डीएनएस-गेट-रेकॉर्ड रेकॉर्ड नसेल तर रिकामा ॲरे देतं आणि बिघाड असेल तर फॉल्स. रिकाम्यावर नाकारा, फॉल्सवर पुढे जाऊ द्या; तुमच्या सर्व्हरचा डीएनएस अडखळला याची शिक्षा सभासदाला नको. डोमेनच्या शेवटी एक डॉट लावून विचारा, नाहीतर सर्व्हरच्या सेटिंगमधलं स्थानिक डोमेन त्याला जोडून चौकशी होऊ शकते.

इथवर आल्यावर पुष्कळांना वाटतं, आणखी एक पाऊल टाकू: समोरच्या मेल सर्व्हरशी थेट बोलू, 'आरसीपीटी टू' म्हणून पत्ता देऊ आणि तो हो म्हणतो का बघू. नका करू. काही सर्व्हर कोणत्याही नावाला हो म्हणतात. काही आधी हो म्हणून नंतर बाउन्स पाठवतात. काही अनोळखी पाहुण्याला मुद्दाम 'थोड्या वेळाने या' असा ४५० चा कोड देतात. आणि मेल न पाठवता नुसती नावं विचारत फिरणारा आयपी स्पॅमरसारखा दिसतो, तो ब्लॉकलिस्टवर जाऊ शकतो. मग तुमचे खरे मेलही अडतात. शिवाय एडब्ल्यूएस आणि गूगल क्लाउड बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळातच अडवून ठेवतात.

म्हणून पुष्टीचा मेल. फोनवाल्या सभासदांसाठी लिंकपेक्षा सहा आकडी कोड बरा, कारण लिंक मेल-ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे त्याचं लॉगिन नसतं. कोड पीएचपीच्या रँडम-इंट फंक्शनने काढा, दहा मिनिटं चालू ठेवा, पाच चुकीचे प्रयत्न झाले की रद्द करा. सहा आकड्यांच्या शक्यता १० लाखच आहेत, प्रयत्नांना मर्यादा नसेल तर त्या मोजून काढता येतात. लिंकच द्यायची असेल तर टोकन ३२ रँडम बाइटचं, डेटाबेसात त्याचा शा-२५६ हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा), एक दिवसाची मुदत, एकदाच वापर. आणि लिंक उघडताक्षणी पुष्टी करू नका. कंपन्यांच्या मेलमधले सुरक्षा-स्कॅनर माणसाच्या आधी प्रत्येक लिंक उघडून बघतात. तेवढ्यावर पुष्टी झाली तर सभासदाने मेल पाहिलेलाच नसतो आणि टोकन मात्र खर्ची पडतं. लिंकवर एक पान दाखवा, त्यावर 'पुष्टी करा' बटण, आणि ते पोस्ट रिक्वेस्ट करेल असं. 'पुन्हा पाठवा' या बटणाला पत्त्यामागे आणि आयपीमागे मर्यादा घाला, नाहीतर कोणीही तुमच्या फॉर्मवरून तिसऱ्याच माणसाची पेटी मेलांनी भरून टाकेल.

लहान-मोठ्या अक्षरांचं काय? नियमाप्रमाणे @च्या आधीच्या भागात मोठं-लहान वेगळं धरायचा अधिकार समोरच्या सर्व्हरला आहे. व्यवहारात तसं कोणी करत नाही. पत्ता माणसाने लिहिला तसा एका कॉलममध्ये ठेवा आणि तुलनेसाठी लहान अक्षरांतला दुसऱ्या कॉलममध्ये. जीमेल नावातले डॉट धरत नाही हे खरं, पण तो नियम फक्त जीमेलचा. सगळ्याच डोमेनचे डॉट गाळलेत तर दोन वेगळी माणसं एक होतील. तुलनेच्या कॉलमचं कोलेशन (अक्षरं सारखी कधी धरायची तो नियम) बायनरी ठेवा. मायएसक्यूएलची नेहमीची कोलेशन ॲक्सेंट असलेलं ई आणि साधं ई एकच समजतात. पासवर्ड रिसेटमध्ये याचा सरळ गैरफायदा घेता येतो: हल्लेखोर ॲक्सेंटवालं डोमेन विकत घेतो, त्यावरचा पत्ता टाइप करतो, डेटाबेस म्हणतो 'सापडला', आणि लिंक हल्लेखोराकडे जाते. पायथनच्या जॅंगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये याच जातीचं छिद्र डिसेंबर २०१९ मध्ये बुजवलं गेलं. उपाय एका ओळीचा आहे: रिसेटचा मेल टाइप केलेल्या पत्त्यावर पाठवायचाच नाही, डेटाबेसात साठवलेल्या पत्त्यावर पाठवायचा. आणि पत्ता सापडो न सापडो, पडद्यावर वाक्य एकच: 'हा पत्ता नोंदलेला असेल तर मेल येईल.'

मराठी मंडळ आहे म्हटल्यावर कधीतरी कुणीतरी देवनागरी पत्ता देईलच. 'डॉट भारत' हे डोमेन देवनागरीत २०१४ पासून नोंदता येतं आणि त्यात मराठीही येते. डोमेनचा भाग सोपा: पीएचपीच्या इंटल एक्स्टेंशनचं आयडीएन-टू-अस्की फंक्शन त्याचं प्युनीकोड (रोमन अक्षरांतलं) रूप करून देतं, पुढे सगळं नेहमीसारखं. @च्या आधीचा भाग देवनागरी असेल तर मात्र पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही सर्व्हरना २०१२ च्या आरएफसी ६५३१ मधलं एसएमटीपीयूटीएफ८ (रोमनेतर पत्त्यांची सोय) यायला हवं. जीमेल २०१४ पासून अशा पत्त्यांशी मेलची देवाणघेवाण करतं. तुमची मेल पाठवणारी सेवा करते का ते आधी विचारा. करत नसेल तर फॉर्मवरच तसं सांगा. घ्यायचे ठरवलेत तर 'टाइप ईमेल' काढून 'टाइप टेक्स्ट' करावं लागेल, कारण ब्राउझरचा रेजेक्स @च्या आधी रोमनच मागतो. फिल्टर-व्हारला पीएचपी ७.१ पासून युनिकोडचा फ्लॅग आहे.

आणि इथे मराठीचा खास पेच येतो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे ६४ बाइटांत जेमतेम २१ चिन्हं. 'कऱ्हाडे' हे नाव नुक्तावाल्या ऱ ने लिहिलं तर ७ चिन्हं, २१ बाइट. तेच साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून 'कर्‍हाडे' असं लिहिलं तर ८ चिन्हं, २४ बाइट. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, कीबोर्डप्रमाणे यातला एक किंवा दुसरा उमटतो, आणि युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिखाणांचं एक रूप करणं) त्यांना एक करत नाही. एनएफसी करा, ते हवंच; सुटा नुक्ता त्याने ऱ मध्ये मिसळतो. पण जोडकवालं रूप तुलनेच्या कॉलमसाठी स्वतः बदलून घ्यावं लागेल. मेल मात्र मूळ रूपावरच पाठवा. वर शून्य रुंदीची अक्षरं काढा म्हटलं त्यात म्हणूनच हा जोडक सरसकट धरू नका. रोमन पत्त्यातून तो काढायचा, देवनागरीतून नाही.

आता बाउन्स. पाठवणारी सेवा बाउन्सची खबर वेबहुकने (तुमच्या सर्व्हरला आपणहून रिक्वेस्ट पाठवून) देते, ती कोडसकट नोंदवा. ५.१.१ म्हणजे असा मेलबॉक्स नाही: त्या पत्त्यावर पाठवणं लगेच बंद करा आणि सभासदाला पुढच्या लॉगिनला पत्ता विचारा. ४ ने सुरू होणारे कोड तात्पुरते, ५.२.२ म्हणजे पेटी भरलेली. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी तेच आलं तर थांबवा. हे टाळता येत नाही. ॲमेझॉन एसईएस ही मेल पाठवणारी सेवा बाउन्स ५ टक्क्यांवर गेले की खातं तपासणीखाली घेते आणि १० टक्क्यांना पाठवणं रोखू शकतं. बाराशे सभासदांच्या यादीत ६० मेले पत्ते म्हणजे झाले ५ टक्के.

आत्ता टेबलात पडलेल्या पत्त्यांसाठी एकदाच चालवायची स्क्रिप्ट लिहा: टोकं साफ करा, डोमेन वेगळी काढा, एकेका डोमेनला एकदाच डीएनएस विचारा आणि मृत डोमेनवाल्या ओळींना खूण करा. उरलेल्यांना एकगठ्ठा मेल पाठवू नका. रोज शंभर-दीडशे अशा बेताने पुष्टीचा मेल पाठवा, आणि आधी त्यांना, ज्यांनी गेल्या वर्षभरात प्रवेशिका घेतल्यात. उत्तर न आलेल्यांना फोन करणारे दोन स्वयंसेवक मंडळाला मागा. चाचणीसाठी 'टेस्ट@टेस्ट.कॉम' किंवा 'एबीसी@एबीसी.कॉम' वापरू नका. ती खऱ्या लोकांची डोमेन आहेत. त्यासाठी 'एक्झाम्पल डॉट कॉम' आणि 'डॉट टेस्ट', 'डॉट इनव्हॅलिड' ही नावं राखून ठेवलेली आहेत. मात्र डीएनएसची तपासणी चालू असेल तर ती तिथे नापास होतील, म्हणून चाचणीच्या सेटिंगमध्ये ती पायरी बंद ठेवा.